धुतलेल्या गाडीतून देवणीला

नांदेडहून देवणीला जाणारा रस्ता कुणी मुद्दाम बघायला जात असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडची माणसं त्या रस्त्यानं लग्नाला जातात, बाजाराला जातात, दवाखान्यात जातात आणि एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपतात. मीही तशीच जायची. पण यंदाच्या जानेवारीत मी त्याच रस्त्यानं स्वतःची गाडी चालवत गेले. शेजारच्या सीटवर माझे वडील, अण्णा, होते, मांडीवर धपाट्यांचं गाठोडं घेऊन. मला वाटेतलं बाभळीचं प्रत्येक झाड नवं दिसत होतं. परत आल्यावर कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगून सांगून घसा बसला, तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

आधी जाण्याचं कारण सांगते. देवणीजवळच्या एका खेड्यात माझी कमळआत्या राहते. तिच्याकडे मैना नावाची गाय आहे. अंग पांढरंशुभ्र आणि तोंड तेवढं काळं. देवणी जातीत अशा गाईला वानेरा म्हणतात. मैनेची आई ती जन्मली तेव्हाच गेली. त्याच सुमाराला लोह्याजवळ आमच्या घरी आमची लाल कंधारी गाय व्याली होती. आत्यानं ते ओलं वासरू पोत्यात गुंडाळून जीपमधून आमच्याकडे आणलं. लाल गाईनं ते हुंगलं, थोडा वेळ विचार केला आणि चाटायला लागली. मैना आमच्या दारात, अण्णांच्या हाताखाली वाढली आणि मोठी झाल्यावर परत आत्याकडे गेली. आत्याकडे ती शेतात, गोठ्यात शहाण्यासारखी वागते. पण चार माणसं जमली, भोंगा वाजला की बिथरते. गर्दीत तिचं दावं धरावं ते अण्णांनीच.

गेल्या पावसाळ्यात आत्याचे यजमान ट्रॉलीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. घरात गडीमाणूस म्हणजे एक दीर. ते म्हणाले, गाय सांभाळणं होत नाही, विकू. गिऱ्हाईकही बघून ठेवलं. आत्यानं त्यांना एवढंच सांगितलं, "देवणीच्या प्रदर्शनात हिला फिरवू. नंबर आला तर दावणीला राहील. न्हाई आला तर तुम्ही म्हणाल तसं." दीर हो म्हणाले. मग आत्याचा अण्णांना फोन आला, "दादा, तू यायलाच पाहिजे. मला ती रिंगणात धरवायची न्हाई."

अण्णा म्हणाले, "येतो." आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आपण गाडीनं जाऊ."

गाडी तोवर माझी झाली नव्हती!

नांदेड

गाडी हमीद मास्टरांची. ते लेडीज टेलर आहेत. मी बी.ए.ला नांदेडला आले तेव्हापासून माझे सगळे ड्रेस त्यांनीच शिवले. नोकरीच्या मुलाखतीचाही त्यांनीच शिवला आणि वर "ये पहन के गयी तो सिलेक्शन पक्का" असा आशीर्वाद दिला. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते, त्यात अशा किती माणसांचा हात आहे ते मी विसरत नाही.

मास्टरांची मुलं पुण्याला गेली. गाडी दुकानासमोर कडुलिंबाखाली उभी असायची. पांढरी, छोटी, जुनी पेट्रोलवरची गाडी. मागच्या काचेवर कबुतरांची कायमची नक्षी. व्यवहार झाला त्या दुपारी मास्टरांनी टेप गळ्यातच ठेवून मला शेजारी बसवलं आणि शिकवणी घेतली.

"देखो बेटी, चावी घुमाते ही स्टार्टर नहीं मारने का. पहले आधी चावी. अब सुनो."

मी चावी अर्धीच फिरवली आणि कान दिला. मागच्या सीटखालून बारीक 'ऊंऽऽ' आला आणि थांबला.

"ये पंप है. पेट्रोल ऊपर भेजा उसने. अब मारो."

मी स्टार्टर मारला. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि मी इतक्या मोठ्यानं हसले की दुकानात माप द्यायला आलेल्या दोन बायका बाहेर बघायला आल्या. मास्टरांची मुद्रा मात्र मुलगी सासरी धाडताना होते तशी. "कुछ भी हुआ तो फोन करना," ते म्हणाले. "शरमाना नहीं."

लोहा

नांदेडहून लोहा जवळच आहे, पण मी इतकी सांभाळून गेले की एका उसाच्या ट्रॅक्टरनं मला मागे टाकलं. गावात शिरले तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी "जयभीम, सुजाता! कुनाची गाडी म्हनावं?" असं विचारलं. "आपली!" असं ओरडताना माझा आवाज चिरकला.

अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी, उलट्या बाजूनं. बैलबाजारात जनावर बघतात तसंच. चाकाला पाय लावून बघितला. दारावर थाप मारली. खाली वाकून पोट बघितलं.

"अण्णा, दात बघायचे राहिले की," मी म्हटलं.

"वय कळलंच की अंगावरून," ते गंभीरपणे म्हणाले. "पन खोड दिसत न्हाई. डोळे स्वच्छ हायत." डोळे म्हणजे पुढचे दिवे.

आईला मी गावातून एक चक्कर मारून आणली. ती मागच्या सीटवर मधोमध ताठ बसली होती आणि ओळखीचं घर आलं की मला हळू जायला सांगत होती, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल. तिला आमच्याबरोबर येता येत नव्हतं. धारा कोण काढणार? रात्री तिनं ज्वारीच्या पिठाचे धपाटे थापले, शेंगदाण्याची चटणी कांडली आणि सगळं धुवट फडक्यात बांधून ठेवलं.

लोहा ते उदगीर

पहाटे निघालो. माळाकोळी मागे पडली तशा बालाघाटच्या टेकड्या सुरू झाल्या. मी पोरांना फळ्यावर बालाघाट काढून दाखवते, खडूनं एक वेडीवाकडी रेघ. ती रेघ अशी हिरवट-तपकिरी असते, तिच्यावर धुकं असतं, तिच्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागतो हे मला माझ्याच हातानं कळत होतं. दोन्हीकडे ज्वारी कणसाला आलेली, मध्ये करडईचे काटेरी पट्टे, काही रानांत कापसाची शेवटची बोंडं. अहमदपूरच्या अलीकडे एका शेतकरीणबाईनं गाडी थांबलेली बघून हरभऱ्याचे ढाळे आणून दिले. काचेतून आत टाकले आणि "खात खात जावा" म्हणून परत विळा घेऊन वळली सुद्धा. आम्ही फक्त रस्ता विचारायला थांबलो होतो.

लातूर जिल्हा लागला तशी जनावरं बदलली. हे मला एसटीतून कधी दिसलं नव्हतं. आमच्या बाजूला बांधावर लाल कंधारी दिसते, तांबूस, ठेंगणी. शिरूर ताजबंदच्या पुढे काळी-पांढरी दिसायला लागली. अण्णा खिडकीतून नावं सांगत होते. "ही शेवरा, ठिपक्यांची. ती बालंक्या, पोटाखाली काळी. मैनेसारखी एक बी न्हाई."

"अजून बघितल्या किती तुम्ही?"

"बघायला कशाला पाहिजे? ठाऊक हाय."

उदगीरला नाष्टा केला. तिथे सुशीला मिळते, चुरमुऱ्यांची, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घातलेली. आमच्याकडेही करतात, पण उदगीरची जास्त ओलसर आणि तिखट असते. शेजारच्या टेबलावरची माणसं मराठीतून बोलता बोलता कानडीत शिरत होती आणि पुन्हा बाहेर येत होती. एका घरात दोन खोल्या असाव्यात आणि मध्ये दार नसावं, तसं. अण्णांना हे फार आवडलं. ते भज्यांचा घाणा निघेपर्यंत तिथेच बसायला तयार होते, पण गाईंचं रिंगण दुपारी जेवणानंतर होतं आणि मला वेळेआधी पोचायचं होतं. वेळ भरपूर होता. पेट्रोल भरलं आणि निघालो.

हौदापाशी

उदगीर सोडल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. आमची पांढरी गाडी बघता बघता विटकरी झाली. आणि नेमका तिथेच रस्त्याकडेला एक मोठा हौद लागला. मोटारीचा पाइप भसाभसा पाणी ओतत होता. भोवती तीन-चार टेम्पो उभे, आणि माणसं प्रदर्शनाला निघालेली जनावरं धूत होती. बैलांच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं, शिंगांना तेल लागत होतं. बघून इतकं छान वाटलं!

"थांबव," अण्णा म्हणाले. "सगळे आपापलं जनावर धुऊन नेतेत आन् आपलंच मळकं? बहिनीच्या दारात पहिल्यांदा गाडी चालली."

मला ते पटलं. हौदाशेजारी पत्र्याखाली शिवम्मा नावाच्या बाईचं चहाचं दुकान होतं. तिनं मला "बर्री अक्का, बर्री" म्हणून हाक मारली. मी तिथे जाऊन बसले. चुलीवरचा, धुराचा वास असलेला चहा. शिवम्मा फुंकणीनं जाळ फुलवत मला अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत तिच्या सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि मी सुनेची बाजू घेत होते. मागे अण्णांच्या बकेटीचा आवाज येत होता. ते कुणाला तरी सांगत होते, "हाव, माझ्या लेकीची. प्रोफेसर हाय."

परत आले तेव्हा गाडी आरशासारखी! अण्णांनी खांद्यावरच्या दस्तीनं शेवटचा हात फिरवला आणि ऐटीत आत बसले. मी अर्धी चावी फिरवली. 'ऊंऽऽ'. मग स्टार्टर.

कुर्र-कुर्र-कुर्र-कुर्र.

सुरू झाली नाही. पुन्हा मारला. या वेळी ती एकदा खोकली, अंगभर थरथरली आणि गप्प झाली. मग नुसतंच कुर्र-कुर्र.

हौदावरची सगळी माणसं हातातला खरारा टाकून आली. आमच्याकडे बंद गाडीचं दुःख एकट्यानं करायचं नसतं. डोक्याला गुलाबी मुंडासं बांधलेले एक काका सगळ्यांत पुढे होते.

"बॅटरी बसली," ते म्हणाले.

मी हॉर्न दाबला. तो असा वाजला की त्यांचाच बैल दावं तोडायला लागला.

"बॅटरी चांगली हाय," काका लांबून ओरडले.

"पेट्रोल हाय का ताई?"

"आत्ताच भरलं उदगीरला."

"मग पानी घातलं आसल पंपवाल्यानं."

"मग उदगीरपासून इथवर काय पान्यावर आली व्हय रे?" दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, धक्का. मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून बसले आणि पाच-सहा जणांनी गाडी उताराकडे लोटली. अण्णा बाजूनं धावत होते आणि गाडीला "हुर्रऽऽ हो! हुर्रऽऽ!" करत होते, अवजड औताला करतात तसं. मी क्लच सोडला. गाडीनं दोन गचके दिले आणि उभी राहिली. वर लोटून आणली, पुन्हा तेच. लोक घामाघूम झाले, पण वैतागलं कुणी नाही. एकजण म्हणाला, "ताई, ही गाडी न्हाई, हे पाळीव जनावर हाय. हौद सोडून जाईना."

वेळ जात होता. एकेक टेम्पो जनावर चढवून निघाला. मुंडाशावाले काका शेवटी राहिले. त्यांच्या टेम्पोत पुढे घरच्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. मागे बैलाशेजारी एका माणसापुरती जागा होती.

"तुम्ही तरी चला पाव्हणं," ते अण्णांना म्हणाले.

"जावा अण्णा," मी म्हटलं. "मैना तुमच्याबिगर आत जायची नाही. मी करते काहीतरी."

"आन् तुला एकटीला रोडवर सोडून?"

"शिवम्मा आहे की."

"गप. होतंय सुरू आत्ता."

काका गेले. मग रस्ता एकदम मोकळा झाला. एक एसटी आली, मी हात केला. ती दारापर्यंत भरलेली होती, थांबली नाही. अण्णा हौदाच्या कठड्यावर बसले. मग त्यांनी आत्याला फोन लावला.

"कमळे, गाडी बंद पडली... न्हाई, न्हाई, येतोय. पन येळ झाला तर ऐकून ठेव. दावं आखूड धर. तिच्या डाव्या अंगाला राहा, उजव्या न्हाई. भोंगा वाजला की कानाजवळ 'हो माय, हो माय' म्हन. मी म्हनतो तसं, हळू."

पलीकडून आत्याचा आवाज मलाही ऐकू आला. "मला न्हाई जमायचं, दादा! सगळे गडी हायत रिंगणात. मी बाईमानूस आत जाऊ? लोक काय म्हंतील?"

"गड्यांकडं बघूच नको. मैनेकडं बघ."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघेनात. तेव्हा मी हमीद मास्टरांना फोन लावला. मागून शिलाई मशीनचा खडखडाट येत होता.

"पंप का आवाज?"

"येतोय मास्टर."

"स्टार्टर जोर से घूमता?"

"हो. एकदा खोकली पण."

"मतलब पेट्रोल है, बॅटरी है. चिनगारी नहीं मिल रही बराबर. आज गाडी के साथ अलग क्या हुआ?"

"काही नाही. धुतली फक्त."

"धोयी? ऊपर ऊपर से ना?"

मी अण्णांकडे बघितलं. "अण्णा, बोनट उघडलं होतं का?"

"मग?" अण्णा म्हणाले. "पोट धुतल्याबिगर जनावर धुतलं म्हनतेत व्हय? हौदावरच्यानं उघडून दिलं. आतून लई धूळ होती. चार बकेटी मारल्या चांगल्या."

फोन स्पीकरवर होता. पलीकडचं मशीन थांबलं. मग मास्टर हसायला लागले. इतके हसले की दुकानातली गिऱ्हाइकं काय झालं म्हणून विचारताना ऐकू आली. "चाचाजी ने नहलाया! अरे, बूढी को ठंड में नहलाया!"

अण्णांना आधी कळलं नाही, मग कळलं. त्यांनी दस्ती तोंडावर धरली.

"घबराना नहीं," मास्टर म्हणाले. "बोनट खोलो. इंजिन के ऊपर चार मोटी काली वायर खड्डे में उतरती. एक की टोपी पकड के सीधी ऊपर खींचो. एकच. चारों एक साथ निकाले तो बदल जाते, फिर मैं इधर से क्या करूंगा?"

मी पहिली टोपी धरून ओढली. ती 'फट्' करून सुटली. मोबाइलच्या उजेडात खाली बघितलं. दोन बोटं रुंदीचा खोल खड्डा, तळाशी प्लग, आणि प्लग बुडेल एवढं पाणी. छोट्या विहिरीसारखं! मी आनंदानं ओरडलेच, "मास्टर, पाणी! पाणी आहे!" बिघाड सापडल्याचा इतका आनंद मला परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता.

आता ते पाणी काढायचं कसं? अण्णा धावत रस्त्यापलीकडच्या रानातून कापसाची बोंडं तोडून घेऊन आले. काडीला गुंडाळून खाली सोडली. वर काढली तर कापूस कोरडाच, वर चार थेंब नुसते मोत्यासारखे बसलेले. रानातल्या कापसाला तेलकट अंग असतं, तो पाणी पीत नाही. आम्ही दोघं कापसाच्या मुलखातली माणसं आणि त्या क्षणी दोघांनाही ते आठवलं नव्हतं.

शिवम्मा मागे येऊन उभी होती. तिनं खड्ड्यात डोकावून बघितलं, "अय्यय्यो, नीर" म्हणाली, दुकानात गेली आणि चुलीची फुंकणी घेऊन आली. फूटभर लोखंडी नळी. खड्ड्याकडे बोट दाखवलं आणि गाल फुगवून दाखवले.

मी फुंकणीचं टोक आत सोडलं, श्वास भरला आणि फुंकलं. पाणी उसळून सरळ माझ्या तोंडावर! त्यात फुंकणीतली राख. शिवम्मा इतकी हसली की तिनं खांबाला धरलं. "फू अक्का, फू! चूल विझती माझी!" मी पुन्हा फुंकलं. पाणी उडेनासं झालं तेव्हा अण्णांनी धपाट्यांचं फडकं सोडलं, त्याची वात वळून काडीला बांधली आणि खड्डा पुसून घेतला. टोपी आतून पुसली, दाबून बसवली. मग दुसरी. दुसरीत सगळ्यांत जास्त पाणी होतं. तिसरी, चौथी. माझे गाल दुखायला लागले. अण्णा म्हणत होते, "दे इकडं, मी फुंकतो," पण मी काही फुंकणी सोडली नाही.

"अब मारो," मास्टर म्हणाले.

कुर्र-कुर्र-कुर्र. पेट्रोलचा भपकन वास आला. सुरू नाही.

मला रडू यायचंच बाकी होतं. पण मास्टर म्हणाले, "वास आया ना? बार बार मार के पेट्रोल ज्यादा हो गया. अब एक्सिलेटर पूरा नीचे दबाओ, दबा के रखो, और स्टार्टर मारो. छोडना नहीं."

मी पाय तळापर्यंत दाबला. कुर्र-कुर्र-कुर्र... फट्... फट् फट्... आणि गाडी सुरू झाली! पण कशी, अर्धवट. ढक-ढक करत, सगळं अंग हलवत, मागून काळा धूर सोडत.

"लंगडतीय," अण्णा कान देऊन म्हणाले. "तीन पायावर हाय."

"खडी रहने दो, गरम होने दो," मास्टर ओरडले.

आम्ही तिघंही श्वास रोखून उभे होतो. हळूहळू इंजिन तापलं, राहिलेली ओल उडाली. आणि एका क्षणी, अगदी ऐकू येईल असा, आवाज बदलला. सगळा थरथराट गेला.

"चौथा पाय टेकला!" अण्णा ओरडले.

मी शिवम्माला मिठी मारली. तिच्या लुगड्याला माझ्या तोंडाची राख लागली. तिनं चहाबद्दल काही घेतलं नाही, फुंकणी तेवढी हिसकावून घेतली आणि चुलीकडे पळाली. पलीकडे मास्टर कुणाला तरी अभिमानानं सांगत होते, "मेरी गाडी थी वो."

देवणी

मैदान दिसायच्या आधी भोंगा ऐकू आला. "...वानेरा गाई रिंगणात आल्या आहेत, प्रेक्षकांनी दोरीच्या मागे राहावं..." अण्णांनी दार गाडी थांबण्याआधीच उघडलं. मी कशीबशी दोरीजवळ गाडी लावली आणि ते पळाले. खांद्यावरची दस्ती वाटेत पडली, तिकडे बघितलंही नाही.

आणि अचानक थांबले.

रिंगणात सात-आठ गाई होत्या. एकेका गाईला एकेक गडी, फेटे बांधलेले. त्यांच्यामध्ये, हिरव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून, कमळआत्या. दावं आखूड धरलेलं. मैनेच्या डाव्या अंगाला. आणि मैना चालत होती.

अण्णा गर्रकन वळले, वाकून पळत परत आले आणि गाडीच्या आडोशाला, मागच्या चाकाशी उकिडवे बसले.

"अण्णा, काय झालं? जावा की!"

"शूऽऽ. मला बघितलं का सगळं सोडून इकडं पळंल मैना. तू बघ. मला सांग."

अख्खी सकाळ ज्या रिंगणात पोचायला धडपडलो, त्याच्याकडे पाठ करून माझे वडील चाकामागे लपले होते. मी बोनटला टेकून उभी राहिले आणि ओठ न हलवता त्यांना सांगू लागले.

"चालतेय. पुढे दोन गाई आहेत."

"मान कशी हाय?"

"वर."

"कमळीची?"

"ती पण वर."

पांढऱ्या टोपीतले परीक्षक एकेक गाय थांबवून बघत होते. शिंगं, गळ्याखालची पोळी, कास, खुरं. मैनेजवळ आले. एकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्याच वेळी भोंगा कर्कश्श किंचाळला. मैनेनं मान झटकली, मागचे पाय फाकले. पुढचा गडी बाजूला झाला. आत्याच्या पायाखालून माती सरकली.

"बिथरली," मी म्हटलं.

चाकामागून अण्णांचं पुटपुटणं ऐकू आलं, "हो माय, हो माय..."

रिंगणात आत्यानं गाईच्या कानाशी तोंड नेलं होतं. तिचे ओठ हलत होते. इथे अण्णांचे हलत होते. मैनेचे कान एकदा मागे गेले, पुढे आले. मग तिनं एक लांब श्वास सोडला, मला तो दोरीबाहेरूनही दिसला, आणि पाय एका रेषेत घेऊन उभी राहिली. परीक्षकानं पुन्हा पाठीवर हात ठेवला. तिनं ठेवू दिला.

"उभी आहे अण्णा. अगदी सरळ."

निकाल सांगायला त्यांनी फार वेळ लावला. पहिला नंबर निलंग्याकडच्या एका गाईला गेला. ती खरंच देखणी होती. मग भोंग्यातून आलं, "दुसरा क्रमांक, मैना. गाय फिरवणार, कमळाबाई!"

मी जे काही ओरडले ते मला आठवत नाही. अण्णा चाकामागून उठले, गुडघ्यांना माती, डोळ्यांत पाणी, आणि पूर्ण आवाजात एकच हाक मारली, "मैने!"

गाईनं मान वळवली. हंबरली. आणि अण्णा ज्यासाठी लपले होते तेच झालं. ती दोरी ओलांडून, आत्याला मागे ओढत, सरळ अण्णांच्या अंगावर आली. लोक बाजूला पळाले. आत्या धापा टाकत, हसत, रडत ओरडत होती, "आता आलास व्हय रे दादा! आता!"

"मघाच आलोय," अण्णा मैनेच्या गळ्यात हात टाकून म्हणाले. "चाकामागं व्हतो."

"चाकामागं?"

"तू धरलीस की दावं. मला काय काम व्हतं?"

तेवढ्यात गर्दीतून आत्याचे दीर पुढे आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, अबोल, थोडे ओशाळलेले. त्यांनी मैनेकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग दाव्यासाठी हात पुढे केला.

"वैनी, थकल्या तुम्ही. द्या, घरापस्तोर मी नेतो."

आत्यानं दावं हाताला आणखी एक वेढा दिला. पदर कमरेला पुन्हा खोचला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी. मीच नेते. तुम्ही मोटारसायकलवर पुढं जावा आन् पेंड भिजत घाला. आजपासून तिला दोन वेळ लागंल."

दीर "हाव," म्हणाले आणि खिशातली चावी चाचपत निघाले.

मैदानापासून आत्याचं गाव लांब नव्हतं. पुढे आत्या आणि मैना, बाजूनं अण्णा, मागे मी पहिल्या गिअरमध्ये, गाईच्या चालीनं.